एका परिचितांसाठी बेड हवा आहे

आमच्या सोसायटीत कोणी कोणाला ओळखत नसे आणि या गोष्टीचा सगळ्यांना मोठा अभिमान होता. "इथे कोणी कोणाच्या भानगडीत पडत नाही," असं आई नव्या पाहुण्याला चहाबरोबर ऐकवायची. डोंबिवली पूर्वेला, मानपाड्याच्या अंगाला, सात-सात मजल्यांच्या तीन इमारती. मधे एक हिरवळ, जिच्यावर पाय ठेवायचा नाही. एक कारंजं, जे फक्त पंधरा ऑगस्टला उडायचं. आणि या सगळ्याचे सेक्रेटरी माझे बाबा. विमा कंपनीतली मोठी नोकरी, घरात इस्त्रीचा पायजमा, आणि नोटीस लावण्याची हौस एवढी की लिफ्टमधल्या आरशाचा खालचा अर्धा भाग मी कधी पाहिलाच नाही. शेजाऱ्यांना आम्ही नंबराने ओळखायचो. "सहाशे दोनचा कुत्रा", "चारशे तीनची सून". माणसांची नावं फक्त थकबाकीच्या यादीत दिसत.

आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, मागच्या बाजूला. स्वयंपाकघराच्या बाल्कनीतून सोसायटीची भिंत दिसायची आणि भिंतीपलीकडे गाव. आगऱ्यांचं जुनं गाव, आमच्या इमारती ज्यांच्या भातशेतीवर उभ्या राहिल्या त्यांचं. पहाटे तिथले कोंबडे ओरडले की आई कूस बदलून म्हणायची, "यांना कोणी काही सांगत का नाही?" दुपारी कोणाच्या तरी घरी सुकट भाजली जायची आणि आई धावत जाऊन खिडक्या लावायची. आमच्याकडे कांदासुद्धा चातुर्मासात बंद. त्या गावात सगळं ओरडून चालायचं. जेवायला बोलावणं ओरडून, भांडण ओरडून, पोरीला पास झाल्याबद्दल शाबासकीही ओरडून. आमच्याकडे आई बाबांना चहा झाल्याचं मेसेज करून कळवायची, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत.

त्या गावातून हिरामावशी यायची. नऊ वर्षं आमच्याकडे पोळ्या आणि भांडी तिच्याकडे होती. भिंतीत एक छोटं लोखंडी दार होतं, त्यातून आली की तीस पावलांत आमच्या जिन्याशी. मी शाळेतून येऊन तिच्या हातची गरम पोळी तूप-साखर लावून उभ्याउभ्या खायचे, आणि ती मला गावातल्या सगळ्या बातम्या द्यायची. साथ आली तेव्हा मी सतरा वर्षांची होते. बाबांनी पहिल्याच आठवड्यात नोटीस काढली, "बाहेरील व्यक्तींना प्रवेश बंद". नऊ वर्षं आमचं पीठ मळणारी बाई एका कागदाने बाहेरील व्यक्ती झाली. मधे काही महिने तिला परत घेतलं, कारण आईची कंबर धरली. दुसरी लाट आली तशी पुन्हा बंद, आणि या वेळी कमिटीने मागच्या दाराला वेल्डिंग करून टाकलं. बाबा स्वतः उभे राहून ठिणग्या बघत होते.

आता त्या फ्लेक्सबद्दल. कुठल्याशा माजी नगरसेवकाने 'आदर्श सोसायटी' अशी स्पर्धा काढली होती. ज्या सोसायटीत एकही रुग्ण नाही तिला चौकटीतलं प्रमाणपत्र. बाबांनी आधीच फ्लेक्स छापून मुख्य दारावर लावला, 'शून्य रुग्ण, शंभर टक्के शिस्त', खाली कमिटीच्या नऊ जणांचे हसरे चेहरे. मग काय, ताप येणं हा सोसायटीद्रोहच झाला. लोक चाचणी करायला कल्याणला, ठाण्याला जात आणि फॉर्मवर मेव्हण्याचा पत्ता देत. शिकलेली माणसं, इंजिनिअर, प्राध्यापक, बँकवाले. परदेशातल्या मुलांना रोज व्हिडिओ कॉलवर साथीचं शास्त्र समजावणारी. आमच्या न्हाणीघरामागे एक डक्ट होता, त्यातून सगळ्या मजल्यांचे आवाज यायचे. त्या एप्रिलमध्ये डक्टमधून दिवसभर नळ सोडल्याचा आवाज येई, कारण लोक खोकताना नळ सोडत. एका चौकटीसाठी तीन इमारती नळ सोडून खोकत होत्या. आजही मला त्या लोकांची कीव येत नाही, किळस येते. माझी नात म्हणते, आजी, तू फार कडू बोलतेस. बोलते. टिटवाळ्याच्या या शांत घरात बसून मला गोड बोलायला भरपूर वेळ आहे, पण हे प्रकरण त्यासाठी नाही.

भिंतीपलीकडे काय चाललं होतं ते मी बाल्कनीतून बघायचे. तिथे ज्या घरात ताप आला त्या घराच्या दाराला कडुलिंबाची डहाळी बांधायचे. पूर्वी देवी, कांजिण्या आल्या की बांधायचे तशी. डहाळी दिसली की आत कोणी जायचं नाही, पण ओट्यावर डबा ठेवायचा आणि हाक मारायची. बोटाला लावून ऑक्सिजन मोजायचं एकच यंत्र साऱ्या गावात फिरत होतं. ते लावून झालं की दारात उभं राहून आकडा ओरडून सांगायचा. "नामाचा पंच्याण्णव!" "गुलाबबायचा ब्याण्णव!" दत्तू मंडपवाल्याने कुठूनसं ऑक्सिजनचं मशीन मिळवलं होतं. ज्याचा आकडा सर्वांत खाली त्याच्या घरी ते जायचं, मग तो कोणी असो. बाबा चहा पिताना हे ऐकायचे आणि हसायचे. "बघ केतकी, लिंबाचा पाला बांधून व्हायरस पळवतायत." आईही हसायची. मीही हसले होते, ते लपवण्यात अर्थ नाही.

आईला ताप आला तेव्हा बाबांनी पहिलं वाक्य काय उच्चारलं असेल? "ग्रुपवर कोणी काही बोलायचं नाही." दुसरं, "साधं व्हायरल आहे." आईही तशीच. अंगात ताप असताना तिने लिपस्टिक लावून सोसायटीच्या ऑनलाइन योगवर्गाला हजेरी लावली, कॅमेरा चालू ठेवून. तीन दिवस मी खिचडी करत होते, आणि ती दर वेळी कच्ची राहत होती. चौथ्या दिवशी आईला खिचडीचा वास येईनासा झाला. पाचव्या दिवशी दुपारी ती पलंगावरून उठून खुर्चीपर्यंत गेली आणि बोलायचं सोडून नुसती तोंड उघडून बसली. आमच्याकडे बोटाचं यंत्र होतं, खोक्यात, सीलबंद. मी ते फोडलं. चौऱ्याऐंशी.

बाबांनी फोन हातात घेतला. त्यांच्या ओळखींबद्दल मी लहानपणापासून ऐकत आले होते. अमुक हॉस्पिटलचा ट्रस्टी माझा बॅचमेट, तमुक अधिकारी माझ्या शब्दाबाहेर नाही. त्या दुपारी दीड तास ते हॉलमध्ये येरझारा घालत होते. बॅचमेटने फोन उचलला नाही. अधिकाऱ्याच्या बायकोने साहेब झोपलेत म्हणून सांगितलं. शेवटी त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकला. मी तो माझ्या फोनवर वाचला. "एका परिचितांसाठी तातडीने ऑक्सिजन बेड हवा आहे. कृपया मदत करावी." परिचितांसाठी! वीस वर्षं संसार केलेली बायको आतल्या खोलीत श्वासासाठी झगडत होती आणि हा माणूस तिला परिचित म्हणत होता. उत्तरंही तशीच आली. सतरा जणांनी हात जोडले. तिघांनी कुठूनतरी आलेली नंबरांची यादी पुढे ढकलली, त्यातला एकही नंबर लागत नव्हता. एकाने लिहिलं, "आपल्या सोसायटीत सर्व सुखरूप, हीच देवाची कृपा." आमच्याच इमारतीत पाचव्या मजल्यावर डॉक्टर बाई राहत होत्या, पाच मिनिटांत खाली आल्या असत्या. पण परिचितांसाठी कोण कशाला खाली येईल? आणि त्यांच्याही घरात नळ चालूच होता.

"बाबा, हिरामावशीच्या गावात मशीन आहे," मी म्हटलं.

"वेड लागलंय का तुला? त्यांना कळलं की सगळ्यांना कळलं. संध्याकाळपर्यंत थांब. माझे प्रयत्न चालू आहेत."

"आई थांबेल संध्याकाळपर्यंत?"

त्यांनी पुन्हा एक नंबर लावला. फोनकडे बघत राहिले. त्यांची मान मी तेव्हा पहिल्यांदा म्हाताऱ्या माणसासारखी पाहिली आणि मला दया यायला हवी होती, पण आला तो राग. मी बाल्कनीत गेले. आमच्या घरात कोणी कधी ओरडलं नव्हतं, त्यामुळे मला ओरडता येत नव्हतं. पहिली हाक भिंतीच्या अलीकडेच राहिली. दुसरी हाक भिंतीपलीकडे पोहोचली.

"मावशी! हिरामावशी!"

ती ओट्यावर तांदूळ पाखडत होती. सूप खाली ठेवून भिंतीपाशी आली. "कं झाला गो बाय?"

"आईला दम लागतोय! चौऱ्याऐंशी आलाय!"

आकडा मी त्यांच्यासारखाच ओरडून सांगितला. मागे बाबा पडदा धरून कुजबुजत होते, "हळू, अगं हळू." मागच्या बाजूच्या सगळ्या बाल्कन्यांत माणसं आली. कोणी कपडे वाळत घालण्याचं निमित्त केलं, कोणी तेवढंही केलं नाही.

"चौऱ्याऐंशी? आनि आता सांगतंस?" मावशी कडाडली. "कती दीस झालं?"

"पाच."

"लाज कसली गो एवरी? ताप आला, चोरी नाय केली. तिला पालथी झोपव, उशी छातीखाली घाल. मशीन आनतूं."

मशीन कुठे होतं हे मला तोवर ठाऊक नव्हतं. ते तिच्याच घरात होतं. तिचे सासरे, बाळारामआजोबा, तीन दिवस त्यावर होते. त्यांचा आकडा त्या सकाळी एक्याण्णव आला होता. दार उघडंच होतं, त्यामुळे आतलं बोलणं भिंतीवरून ऐकू आलं. मावशी काहीतरी सांगत होती आणि मग म्हाताऱ्याचा धापा टाकत आलेला आवाज, "मना कं सांगतंस? माजा एक्यान्नव, तिचा चौऱ्याऐंशी. ने, ने. मी बसून ऱ्हातूं." एवढंच बोलणं झालं. मीटिंग नाही, ठराव नाही, अनुमोदन नाही.

मग पुढचा तमाशा. मुख्य दारावर वॉचमनने मशीन अडवलं. बाहेरील व्यक्ती आणि बाहेरील वस्तू यांना बंदी, खाली सही सेक्रेटरीची. तो बिचारा फोनवर बाबांना विचारतोय, "साहेब, सोडू का?" आणि बाबा म्हणतायत, "पुढून नको. पुढून सगळे बघतील." मागचं दार तर बाबांनीच बंद करून घेतलेलं. शेवटी दत्तूने मंडपाचे दोन बांबू भिंतीला टेकवले, त्याची दोन माणसं मशीन घेऊन अलीकडे उतरली, आणि जिन्यावर कोणाला दिसू नये म्हणून बाबांच्या आग्रहाखातर ते मशीन मंडपाच्या दोराने बांधून बाल्कनीतून वर ओढलं. सगळ्यांपासून लपवायचं म्हणून सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. दोराचं वरचं टोक मी आणि बाबांनी धरलं होतं. बाबांच्या हातांना फोड आले. वरच्या-बाजूच्या बाल्कन्यांतून चौदा माणसं बघत होती, मी मोजली. एकही खाली आला नाही. दोघांनी मोबाईल काढले.

दोराबरोबर मावशीने एक कडुलिंबाची डहाळी आणि एक डबाही वर पाठवला होता. "पाला दाराला बांध," खालून हाक आली. "आनि पेज पाज तिला. नव्या टोपान केलीय, मासल्याच्या टोपान नाय." ते ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिच्या घरातल्या आजाऱ्याचं मशीन काढून देताना या बाईला आमच्या सोवळ्याची आठवण होती. आई मशीनवर होती, तरी मी चमच्याने पेज भरवली. तांदळाची, जिऱ्याचा वास असलेली. तिने पाच दिवसांत पहिल्यांदा गिळताना तोंड वाकडं केलं नाही.

"दाराला काही बांधायचं नाही," बाबा म्हणाले. मी बांधलं. घराच्या बाहेरच्या दाराच्या जाळीला, लिफ्टमधून बाहेर पडताच दिसेल असं. बाबा आणि मी त्या दारात एकमेकांकडे बघत उभे होतो आणि त्यांनी हात पुढे केला असता तर मी काय केलं असतं कोणास ठाऊक. त्यांनी केला नाही. तासाभरात पाचव्या मजल्यावरच्या डॉक्टर बाई मास्क लावून खाली आल्या, आईला तपासलं, औषधं लिहून दिली आणि जाताना रडवेल्या होऊन म्हणाल्या, "आमच्याकडे हे पण आजारी आहेत हो, आठ दिवस झाले." दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या इमारतीत चार दारांना पाला लटकत होता. कडुलिंब कुठे मिळतो हे कोणाला माहीत नव्हतं, म्हणून एकाने आंब्याची डहाळी लावली होती आणि एका प्राध्यापकांनी कुंडीतल्या शोभेच्या झाडाची फांदी. हसू नका. त्या फांद्यांमुळे त्या घरांसमोर डबे यायला लागले, औषधं यायला लागली, आणि नळांचे आवाज बंद झाले. माणसं मोकळेपणी खोकायला लागली. त्याआधी आमच्या इमारतीतून दोघं गेले होते, हे आम्हाला तेव्हा कळलं. घरच्यांनी गावाला गेलेत म्हणून सांगितलं होतं.

बेड मिळाला तो ठाण्याला, आणि बाबांच्या एकाही ओळखीने नव्हे. हिरामावशीची बहीण ठाण्याच्या बाजारात सुकी मासळी विकायची. तिचं जुनं गिऱ्हाईक एक ख्रिस्ती नर्स होती, मॅगीबाय. पंधरा वर्षं तिच्याकडून बोंबील घेणारी. बहिणीने तिला फोन केला आणि मॅगीबायने तिसऱ्या दिवशी बेड रिकामा होताच अॅम्ब्युलन्स पाठवून दिली. ज्या सुकटीच्या वासासाठी आई खिडक्या लावायची त्या सुकटीने तिला शीळफाट्यावरून ठाण्याला नेलं. मशीन त्याच दुपारी बांबूवरून परत गेलं. मधल्या दोन दिवसांत बाळारामआजोबांचा आकडा सत्त्याऐंशीपर्यंत उतरला होता. हे मावशीने मला ओरडून सांगितलं नव्हतं. एवढी एकच गोष्ट ते गाव कधी हळू आवाजात बोललं असेल.

आई सोळा दिवसांनी घरी आली. हिरवळीवर दुतर्फा माणसं उभी होती, फुलांच्या पाकळ्या टाकत. फ्लेक्स नवा होता, 'एकजुटीने हरवले'. खाली तेच नऊ चेहरे. बाबांनी माइकवरून भाषण केलं, सोसायटीच्या एकोप्याचे आभार मानले, हॉस्पिटलचे मानले, देवाचे मानले. गावाचं नाव काही त्यांच्या तोंडून आलं नाही. मी त्यांना घरात विचारलं तेव्हा म्हणाले, "सगळ्यांचं नाव घेत बसलो असतो तर लांबलं असतं." आईने मावशीसाठी एक साडी आणून ठेवली, कपाटात. "जाऊन देऊ एकदा," असं ती महिनाभर म्हणत राहिली. मागचं दार उघडावं हा विषय मीटिंगमध्ये निघाला आणि सुरक्षेच्या कारणास्तव पुढे ढकलला गेला. बाळारामआजोबा वाचले, पण त्यांचा आवाज गेला. ओट्यावर बसून ते हातानेच माणसांना बोलवायचे.

थंडीत त्यांच्या नातीचं, म्हणजे मावशीच्या प्रियांकाचं लग्न ठरलं. दोन वर्षांत गावातली पहिली हळद. सकाळपासून दत्तू मंडप घालत होता, बायका जात्याभोवती गाणी म्हणत होत्या, आजोबांना नवं उपरणं घालून खुर्चीवर बसवलं होतं. दुपारी स्पीकर लागला. बाबा माझ्या खोलीत आले. मराठीत लिहायचं झालं की ते नेहमी माझ्याकडे यायचे, इंग्रजी ऑफिसात त्यांची मराठी गंजलेली होती.

"पोलिस स्टेशनला एक अर्ज लिहून दे. आईला त्रास होतोय आवाजाचा. तुझीही परीक्षा आहे."

माझी परीक्षा खरोखरच होती. त्या गाण्यांनी मला वाचता येत नव्हतं, हेही खरं. मी दहा मिनिटांत अर्ज लिहिला. कोविडचे नियम धाब्यावर बसवून गर्दी जमवली आहे, घरात नुकताच बरा झालेला रुग्ण आहे, असं सगळं शुद्ध आणि ठाशीव. बाबांनी वाचून मान डोलावली. खाली त्यांनी सही केली, त्याखाली आईने केली, मग आणखी अकरा जणांनी. त्यात पाचव्या मजल्यावरच्या डॉक्टर बाईही होत्या.

पोलिस ऊन उतरायच्या आत आले. स्पीकर बंद झाला, पाहुण्यांना आपापल्या घरी जायला सांगितलं, हळद लावून झालेली प्रियांका मंडपात एकटी पाटावर बसून राहिली. गावातलं कोणी एका शब्दानेही ओरडलं नाही. मी बाल्कनीत होते. मावशी आजोबांची खुर्ची आत नेत होती आणि तिने वर पाहिलं नाही. पाठीमागे आई म्हणाली, "बरं झालं बाई, आता जरा डोळा लागेल."

बाबांना, आईला, त्या नऊ चेहऱ्यांना मी आयुष्यभर नावं ठेवत आले. या प्रकरणातही ठेवली. पण त्या अर्जातलं एक वाक्य कोणी सांगितलेलं नव्हतं, मीच आपल्या मनाने घातलं होतं, अर्जात शोभतं म्हणून. "संबंधितांना वारंवार विनंती करूनही त्यांनी दाद दिली नाही." आम्ही त्यांना एकदाही सांगितलं नव्हतं. बाल्कनीत जाऊन एक हाक मारली असती तर मावशीने स्पीकर बंद केला असता.